फोंडा घाट, नवी आवृत्ती

न विचारता सुधारणा करून देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. शाळेत शिकवत असताना एकदा मे महिन्याच्या सुट्टीत कोणीतरी माझ्या वर्गातलं कपाट 'नीट' लावून दिलं होतं. त्यातल्या अर्ध्या वस्तू मला निवृत्त होईपर्यंत सापडल्या नाहीत. त्यामुळे त्या सकाळी पेज जेवून मी कॉम्प्युटर लावला आणि आमच्या खेळाची खिडकी ओळखीची दिसेना, तेव्हा मला पहिली शंका आली ती कोणीतरी काहीतरी लांबवल्याची. डावीकडची बटणं नाहीत. वरची पट्टी नाही. पडद्याच्या मधोमध गोड भाषेत एक संदेश: आता रस्ते बांधणं आणखी सोपं. कोणाला सोपं, ते लिहिलेलं नव्हतं.

खेळ कसला ते आधी सांगते, नाहीतर माझी बहीण म्हणते तसं तुम्हीही म्हणाल, की टीचरचं डोकं फिरलं. बस चालवायचा खेळ आहे. पडद्यावर खरीखुरी वाटावी अशी बस, खरा वाटावा असा रस्ता. त्यात चालवणारे हजार, पण रस्ते बांधणारे थोडे. बांधणाऱ्यांसाठी वेगळी खिडकी असते. तिच्यात जमीन उचलायची, खाली दाबायची, रस्ता अंथरायचा, कडेला घरं, दुकानं, झाडं लावायची. झालं की मग कोणीही त्या रस्त्यावरून बस न्यावी. आम्ही मालवण ते कोल्हापूर बांधत होतो. मालवणचा स्टँड, कसाल, कणकवली, फोंडाघाटचा बाजार, मग घाट आणि घाटमाथा. आम्हाला हे कोणी सांगितलेलं नव्हतं आणि कोणी त्याबद्दल काही देणारही नव्हतं.

आम्ही म्हणजे मी आणि ड्रायव्हर. मी शाळेतून निवृत्त झालेली, ख्रिस्ती, बिनलग्नाची, आणि लोकांच्या मते तोंडाने जरा तिखट. कॉम्प्युटर गोव्याच्या भाच्याने आणून दिला, वेळ जावा म्हणून. ड्रायव्हर म्हणजे आमचे एसटीचे ड्रायव्हर. त्यांच्या बसने मी वर्षानुवर्षं शाळेत गेले, त्यांच्या पाठीमागच्या सीटवर बसून. कसालच्या अलीकडचं एक वळण मला जमेना म्हणून मी त्यांना घरी बोलावून विचारलं, आणि माणूस खुर्चीतून उठेचना. महिन्याभरात त्यांनी मुलाकडून स्वतःचा कॉम्प्युटर मागवून घेतला. तेव्हापासून रस्ता त्यांचा आणि घरंदारं माझी, अशी वाटणी झाली. नवीन तुकडा सुरू करायचा की ते हात जोडून गाऱ्हाणं घालत, "बा देवा म्हाराजा, ह्यो रस्तो सुरळीत होवंदे," आणि मी गळ्यात क्रूस घालून "व्हय म्हाराजा" म्हणत असे. आमच्या फादरना हे कळलं असतं तर ते हसलेच असते.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय बऱ्यापैकी सुधारला, बोलणंही सुधारलं, पण उजवा हात मांडीवर पडून राहिला. खरी गाडी त्यांच्या आयुष्यातून आधीच गेली होती. स्कूटर गेली. चहाचा कप डाव्या हाताने घ्यावा लागायला लागला. एक हा पडद्यावरचा रस्ता तेवढा राहिला, कारण जुन्या खिडकीत एका वेळी एकच काम करावं लागायचं. डाव्या हाताने कळ दाबा, सोडा. त्याच हाताने माऊस धरा, रस्ता ओढा. परत कळ. सावकाश व्हायचं, पण व्हायचं. हॉस्पिटलमधून आल्यावर पहिल्यांदा त्यांनी अशी रस्त्याखालून पाणी जायची एक मोरी बांधली, तेव्हा मला फोन करून म्हणाले, "टीचर, अजून ड्रायवर आसंय मी." मी म्हटलं, मोरीला कठडा लावा.

आणि आता ही नवी खिडकी.

कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत भरून विकणारे आम्ही पाहिलेत. पेटी फारच छान दिसली की आमच्याकडचा माणूस आधी खालचा थर उपसतो. मीही उपसला. हत्यारं सगळी होती, पण लपवलेली. माऊसचं उजवं बटण दाबलं की बाणाभोवती एक चक्र उघडायचं, त्यात चित्रं. कुठलं चित्र कशाचं, ते देवाला ठाऊक. आणि कोणतंही काम करायचं तर एका हाताने कळ दाबून धरायची, दाबलेलीच ठेवायची, आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने माऊस ओढायचा. कळ सुटली की काम मोडलं. हे लक्षात आलं आणि मी फोनकडे धावले. मी फोन उचलायच्या आधीच तो वाजला.

"टीचर, माझां सगळां सामान खंय गेलां?"

"आसा थंयच. लपवलानी."

"सामान गावला तरी काय उपयोग?" ते म्हणाले. "ह्येंका दोन हातांचो माणूस व्हयो."

मी म्हटलं, बघू, काहीतरी वाट निघेल. भाच्याला विचारलं. त्याने कुठलीशी सोय सांगितली, कळ एकदा दाबली की दाबलेलीच राहते अशी. ती पत्र लिहिताना चालायची, या खेळात चालेना. जुनी आवृत्ती परत घालावी म्हटलं, तर नव्या खिडकीत एकदा उघडलेला रस्ता जुनीत उघडत नव्हता, आणि तो उघडून तर बसला होता, आपला आपणच. आमचा बांधणाऱ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. तिथे आधी सगळ्यांनी ठणाणा केला. मग पुण्याच्या एकाने शिकवणीचे व्हिडिओ टाकले, मग एकेकाला जमायला लागलं, आणि ज्यांना जमलं ते लगेच म्हणायला लागले की जुनी खिडकी किती वाईट होती. माणसं अशी फिरतात. मी मात्र चिडून शिकले. पहिल्या दिवशी आमच्या चर्चचा मनोरा जमिनीत गेला आणि पाया आकाशाकडे आला. आठवड्याने सरळ उभा राहिला. तरी त्या खिडकीबद्दल माझ्या मनातली अढी गेली नाही. इतकं सगळं बदलायचं तर एका तरी माणसाला विचारलं होतं का, की बाबा तुझे हात किती?

ड्रायव्हर ऐकणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी डावा अंगठा कळेवर, करंगळी माऊसवर असले काहीतरी प्रकार करून पाहिले. आणि त्यातच ते माडांचं प्रकरण झालं.

त्यांना कणकवलीच्या अलीकडे एका हॉटेलाशेजारी एक माड लावायचा होता. आमच्या झाडांच्या यादीत पहिलं झाड माडच. मीच तो वर आणून ठेवला होता, किनाऱ्यावरच्या माणसाला दुसरं कुठलं झाड आधी सुचणार? पण नव्या खिडकीत झाडं कुंच्याने रंग मारावा तशी मारायची, आणि कळ अर्धवट सुटली की कुंचा मोठा होत जायचा. त्यांचा अंगठा घसरला. डाव्या हाताने माऊस सावरायला गेले आणि तो सरकत गेला घाटापर्यंत. सगळा फोंडा घाट माडांनी भरला. कड्यांवर माड, दरीत माड, वळणावर रस्त्याच्या मधोमध माड. मागे कसं घ्यायचं ते त्यांना सापडेना, म्हणून त्यांनी भाबडेपणाने त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, कृपया मार्गदर्शन करावे.

ग्रुपवर दिवसभर हसण्याचे चेहरे पडत राहिले. कोल्हापूरचा एकजण आहे, हुशार पण आगाऊ. त्याचा डोळा त्या घाटावर पहिल्यापासून होता. त्याने लिहिलं, "काका, घाटात नारळ? कोकण वर आलं की काय आमच्याकडं? तुमी खालचं बघा, घाट आमच्याकडं द्या, आम्ही करतो." माझं डोकं सणकलं. मी लिहिलं, घाट चढायला खालूनच सुरुवात होते. पण ड्रायव्हरनी काही लिहिलं नाही. संध्याकाळी फोन केला तर म्हणाले, "एकच माड लावूचो होतो, टीचर." आणि मग, "मरांदे. देवन टाका त्येका घाट. माझ्यान आता होवचा नाय."

माझ्याकडे यायचे ते बंद झाले. फोन केला तर वैनी उचलायच्या, म्हणजे त्यांची बायको. "निजलेत," म्हणायच्या. दुपारी निजलेत, सकाळी निजलेत. वैनींना आमच्या या छंदाचा मनापासून राग. "वशाड पडो त्या बशीर," असे बसच्या नावाने शिव्याशाप त्या माझ्यासमोर देत. माझ्यावरही त्यांचा राग असावा, कारण नवऱ्याला या नादाला लावणारी मीच. त्यामुळे त्या खरं सांगत असतील असं मला वाटेना. मला भीती वाटायला लागली होती ती सरळच सांगते. हा माणूस आता कॉटवर पडून भिंतीकडे बघत बसणार, आणि असं बसलेलं माणूस फार दिवस बसत नाही. माझ्या वडिलांचं तसंच झालं.

मी ग्रुपवर कळवलं की घाट कोणालाही दिलेला नाही, थांबा. कोल्हापूरवाल्याने अंगठा पाठवला.

आणि एक दिवस मालवणच्या स्टँडवर एका कंडक्टरने मला हाक मारली. ड्रायव्हर राहतात ते कट्टा गावाच्या पुढे, आतल्या बाजूला. तिथून येणाऱ्या गाडीवर त्यांच्या ओळखीचं कोणी ना कोणी असतंच. कंडक्टरने खिशातून तपकिरीची रिकामी डबी काढून दिली. आत पेनड्राइव्ह.

घरी येऊन तो लावला आणि बघतच राहिले. कणकवली सोडल्यापासून फोंडाघाटच्या बाजारापर्यंतचा रस्ता पुरा झालेला. घाटातले माड साफ. आणि रस्ता कसा, तर नव्या खिडकीतल्या त्या कळ-दाबून-ओढायच्या हत्याराने केलेला, गुळगुळीत, सांधा म्हणून कुठे दिसेना. मला दोन्ही हात असून तसा जमत नव्हता.

मी फोन केला. "कसां काय केलात?"

"केलंय सावकाश," ते म्हणाले. आवाज मजेत होता. आणि लगेच फोन ठेवला.

आता मला सांगा, संशय येणार नाही तर काय होईल? एका हाताच्या माणसाकडून दोन हातांचं काम येतं आणि तो बोलायला तयार नाही. पुढच्या आठवड्यात परत डबी. बाजारातून पुढे घाटाच्या पायथ्यापर्यंत. मी तो तुकडा भिंगाने बघावा तसा बघितला, आणि माझा संशय पक्का झाला. हे त्यांचं काम नव्हतंच. ड्रायव्हरना आयुष्यभर रस्ता दिसला. वळण, चढ, खड्डा, समोरून येणारा ट्रक. कडेची घरं त्यांच्या लेखी नुसती उभी असायची, म्हणून तर घरं माझ्याकडे होती. आणि इथे माझ्या वाटणीत कोणीतरी शिरलेलं. एका घरामागे दांडीवर धुतलेली लुगडी. अंगणात कोंबड्या, त्यातली एक पिल्लांसकट. गवताची उडवी. न्हाणीघरामागून धूर. आणि बाजार संपल्यावर, घाट सुरू व्हायच्या आधी, एका घराच्या फाटकापासून थोड्या अंतरावर छत्री घेतलेली एक बाई उभी, आणि तिच्या शेजारी थांब्याचा खांब. तिथे थांबा नाही. त्या रस्त्याने मी कोल्हापूरला कितीदा गेले आहे, बाजार सोडला की गाडी सरळ घाटाला लागते.

माझ्या डोक्यात एकच नाव आलं, ते म्हणजे कोल्हापूरवाला. ड्रायव्हरनी घाट गुपचूप त्याला देऊन टाकला असणार आणि मला वाईट वाटू नये म्हणून स्वतःचा म्हणून पाठवत असणार. त्यालाच असली सजावटीची हौस. आणि खोटा थांबा टाकायची हिंमतही त्याचीच. मी ग्रुपवर खडा टाकून पाहिला: फोंड्याच्या पायथ्याशी कोणाचं काम चालू आहे का? कोल्हापूरवाल्याने लिहिलं, "मला काय म्हाईत? तुमीच थांबा म्हणाला होता की." आता खरं बोलणारा माणूस इतकं साळसूद लिहील का? मला तर तेही लबाडीचंच वाटलं.

वाईट याचं वाटत होतं की मला सांगितलं नाही. दिला असता घाट, मी रागावले असते, चार दिवसांनी गप्प बसले असते. पण चोरून? इतकी वर्षं पाठीमागच्या सीटवर बसले, ते काय परकी म्हणून? दुपारची गाडी पकडली आणि न कळवता त्यांच्याकडे निघाले. गाडीत मनातल्या मनात भांडण तयार केलं, चांगलं तासून.

त्यांचं घर रस्त्यापासून थोडं आत, काजूच्या बागेतून पायवाट. खळ्यात कोकमं वाळत घातलेली, आजूबाजूला कोणी नाही. पडवीत पाय ठेवला आणि आतून आवाज आला.

"दाबलंय. टिंग टिंग."

मी थांबले.

"चल… चल… डावीकडे. सावकाश गो, वळण आसा. चल… टिंग."

"थांबलंय," वैनींचा आवाज. "सोडू?"

"मी कळ सोडतंय, मगे तू सोड. हां."

एसटीत बसलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. एक टिंग म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. कंडक्टर दोरी ओढतो आणि ड्रायव्हर त्याच्या शब्दाबाहेर जात नाही. मी दारातून डोकावले. दोघं एका बाकड्यावर, खांद्याला खांदा लावून बसलेली. ड्रायव्हर डावीकडे, त्यांचा डावा हात कळांवर. वैनी उजवीकडे, लुगड्याचा पदर खोचलेला, उजवा हात माऊसवर, जीभ दातांत धरलेली. ड्रायव्हरचा तो एकच हात कळांवर अडकलेला, म्हणून बेल तोंडाने.

वैनींनी मला बघितलं आणि माऊस असा सोडला की जणू चोरी करताना सापडल्या. ड्रायव्हर लाजले. लाजले म्हणजे कानापर्यंत लाल झाले, इतकी वर्षं आरशात त्यांचं तोंड बघत आले, पण हे कधी बघितलं नव्हतं.

"कंडक्टर झालंय मी, टीचर," ते म्हणाले. "गाडी आता ती चालवता."

माझं तासून आणलेलं भांडण तिथेच पडवीत राहिलं. मला इतकं बरं वाटलं की मी खाली जमिनीवरच बसले. वैनींनी पाणी आणलं, गुळाचा खडा दिला आणि आपणच सांगायला लागल्या. "ह्ये निजान ऱ्हवत. जेवत नाय, बोलत नाय. मगे एक दिवस मीच म्हटलंय, काय दोन हात व्हयेत मां? एक माझो घेवा. पण गप बसा, टीचरांक सांगू नकात, हसतली."

"मी कशाला हसतलंय?" मी म्हटलं.

"तुमी हसतास सगळ्यांकच," त्या म्हणाल्या, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

पण शिक्षिकेची खोड. लुगडी, कोंबड्या, उडवी कोणाची ते आता कळलंच होतं. मी विचारलं, "आणि तो थांबो खंयचो, वयनी? थंय थांबो नाय आसा."

ड्रायव्हर खिडकीबाहेर बघायला लागले.

"माझ्या म्हायराकडचो," वैनी म्हणाल्या. त्यांचं माहेर फोंड्याचं, मला माहीत नव्हतं. बाजाराच्या पुढे, घाटाच्या तोंडाशी. "लग्न झाल्यार म्हायराक जावचा तर ह्यांच्याच गाडयेन. ह्ये माका बाजारात उतरवीत, थांब्यार. मगे गाडी फुडे जाय, माझ्याच आंगार धुरळो उडवीत. आणि मी पिशये घेवन पाठसून चलतंय."

"थंय थांबो नव्हतो," ड्रायव्हर म्हणाले. "घरच्या माणसासाठी गाडी थांबवली तर फुडे सगळ्यांसाठी थांबवूक लागता. मी कधी कोणासाठी थांबवली नाय. इचारा टीचरांक." मला विचारायची गरज नव्हती. आमच्या शाळेचं फाटक थांब्यापासून पुढे होतं आणि पावसातसुद्धा मी थांब्यावरच उतरत असे. "पण फाटकार सासू उभी दिसली की हॉर्न मारी होतंय. म्हणजे तिका कळा, चेडू इला म्हणान."

"तिका कळा," वैनी नवऱ्याला म्हणाल्या. "पाय सुजलेले माझ्या आवशीचे, फाटकाबाहेर पडणां कठीण. पण हॉर्न आयकलो की ती बाजाराकडे चलाक लागा. माझ्या हातातली पिशवी घेवक. मी वाटेत तिका गावलंय की ती रडाक लागा. तुमका कोणी सांगूक नाय कारण तुमी घाटात पोचलेलात."

ड्रायव्हरना हे माहीत नव्हतं, ते त्यांच्या तोंडावरून दिसलं. त्यांच्या लेखी हॉर्न म्हणजे मुलगी आल्याची वर्दी आणि सासूचा मान, तेवढंच.

"म्हणान तो थांबो," वैनी मला म्हणाल्या, त्यांच्याकडे न बघता. "ह्ये म्हणतत, चुकीचो आसा, काढ. मी सांगलंय, थांबो काढलात तर माझो हात पण काढलो समजा."

मी मध्ये पडले नाही. एका बाजूला नकाशा होता आणि नकाशा खोटा करणं मला कधी पटलेलं नाही. दुसऱ्या बाजूला वैनींचा हात होता, आणि तो गेला तर या माणसाचं काय होईल ते मी वैनींच्या तोंडून आत्ताच ऐकलं होतं. मी विषय बदलून म्हटलं, गाडी तरी चालवून दाखवा, इतक्या लांब आले आहे.

चालवायला खेळात दोन हात लागत नाहीत. डाव्या हाताने वेग, ब्रेक, स्टेअरिंग, सगळं होतं. माऊस फक्त आजूबाजूला बघायला. वैनींनी तो धरला. कणकवली सुटली, फोंड्याचा बाजार आला. ड्रायव्हरनी थांब्यावर गाडी थांबवली, दारं उघडली, चार माणसं उतरली. किती सुंदर थांबवली ते काय सांगू, मला पाठीमागच्या सीटवर बसल्यासारखं वाटलं. मग बाजार संपला. वैनींनी माऊस फिरवून डावी बाजू समोर आणली. कोंबड्या, उडवी, लुगडी. छत्रीवाली बाई. वैनी हसत होत्या, पहिल्यांदाच मी त्यांना तशा हसताना बघत होते.

ड्रायव्हरचा डावा अंगठा हॉर्नवर गेला. ते विचार करून झालेलं नव्हतं, मी शपथेवर सांगते. हॉर्न वाजला, एकदा लांब, आणि गाडी त्या बाईसमोरून पुढे निघून गेली.

वैनींनी माऊस ठेवला. रागाने नव्हे, जपून ठेवला, आणि उठल्या. "चाय ठेवतंय," म्हणाल्या आणि आत गेल्या.

ड्रायव्हरनी गाडी थांबवली. घाटाच्या पहिल्या चढाला ती नुसती उभी राहिली. त्यांनी एक-दोन कळा दाबून पाहिल्या आणि मग रस्ता बांधायची खिडकी उघडली. चक्र उघडायला उजवं बटण लागतं. डाव्या हाताने माऊस ओढून घेतला तर कळ सुटली. परत केलं, परत सुटली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "टीचर, जरा तुमी धरा."

मला त्यांचा राग आला आणि दयाही आली, दोन्ही एकदम. "मी धरूचंय नाय," मी म्हटलं. "ह्या गाडयेर माझो हात चलाचो नाय. आत जावा."

ते बाकड्याच्या कडेला हात टेकून उठले, उजवा पाय ओढत स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि चौकटीला धरून उभे राहिले. आत भांड्यांचा आवाज चालू होता.

"आयकलंस?" त्यांनी विचारलं. "थांबो नेमको खंय व्हयो? तू लावलंस तो फाटकापासून लांब आसा."

भांड्यांचा आवाज थांबला. चहा उतू जायच्या बेताला आला असावा, कारण गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

"फाटकासमोर," वैनी आतून म्हणाल्या. "एकदम समोर. आवशीक चलाक नको."